चालते आहे तोवर

मोटारगाडीच्या रबरी नळ्यांविषयी या मासिकात लिहावे, हे वाचकांस विचित्र वाटल्यास नवल नाही. येथे देवस्थानांचा इतिहास, उत्सवांचे वृत्तांत, एखाद्या सत्पुरुषाचे चरित्र वाचावयाची आपणांस सवय आहे. परंतु गेले वर्षभर ज्या प्रश्नाने माझी पाठ सोडलेली नाही, तो प्रश्न मला कोणा शास्त्रीबोवांनी घातला नाही. तो उज्जैनच्या एका गॅरेजात, हातभर लांबीच्या एका काळ्या नळीने घातला. प्रश्न नैतिक आहे, आणि माझ्या समजुतीप्रमाणे आपणां सर्वांचा आहे. म्हणून संकोच सोडून लिहितो.

प्रसंग असा. आमच्या घरी वडिलांनी १९८८ साली घेतलेली अँबॅसडर गाडी आहे. वडील गेले, गाडी राहिली. आई तिला अजून 'ह्यांची गाडी' म्हणते. वास्तविक त्या गाडीत 'ह्यांचे' असे आता फार थोडे उरले आहे. इंजिन एकदा उघडून बांधले, आसने दोनदा मढविली, रंग तर कितीदा दिला याची मोजदाद नाही. नागसेन भिक्षूने मिलिंद राजास रथाविषयी जे विचारले, की आस म्हणजे रथ काय, चाक म्हणजे रथ काय, ते आमच्या गाडीस तंतोतंत लागू पडेल. पण आईपुढे नागसेनाचे काही चालावयाचे नाही. तर या गाडीतून महाकालाच्या दर्शनास जावे अशी तिची इच्छा होती. वय ऐंशीच्या पुढे. आगगाडीचे जिने झेपत नाहीत. गेल्या वैशाखात आम्ही मुंबईहून आग्रा रस्त्याने निघालो. गाडीत आई, तिची धाकटी बहीण, माझी कन्या आणि चालक मी.

प्रवास निर्विघ्न झाला. या निर्विघ्नपणाविषयीच मला लिहावयाचे आहे.

उज्जैनला पोहोचल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी सुरू होईना. बॅटरीची तार सैल झाली होती, एवढेच. बोलावलेल्या मिस्त्रीने ती घट्ट केली, आणि बोनेट उघडेच होते म्हणून सवयीने एकेका वस्तूवर हात फिरवू लागला. रेडिएटरच्या माथ्यापासून इंजिनाकडे जाणारी वरची नळी त्याने टोकापाशी दोन बोटांनी दाबली. मग माझा हात धरून माझीच बोटे तेथे ठेवली. नळी मध्यभागी दगडासारखी कडक आणि टोकाशी, पट्टीच्या लगत, भिजलेल्या पावासारखी मऊ होती. एका बाजूस लिंबाएवढा फुगवटाही आला होता. मी विचारले, "अभी चलेगा?" तो म्हणाला, "चलेगा. कब तक चलेगा, ये महाकाल जाने."

हा फुगवटा मला नवीन नव्हता. मुंबईहून निघण्यापूर्वी दोन महिने तो मी पाहिला होता. तेव्हा तो लहान होता. पण पाहिला होता, आणि त्याचा अर्थही मला कळला होता. मी बोनेट खाली टाकले आणि स्वतःशी म्हटले, "चलता न्हय? मागीर पळोवया." आपल्या कोंकणी घरांत हे वाक्य किती वेळा उच्चारले जाते ते वाचकांस सांगावयास नको. गळते कौल, वाळवी लागलेला वासा, आजोबांचा खोकला, भावाभावांत राहून गेलेली वाटणी, सर्वांवर हे एकच औषध. त्या वाक्यानंतर ती गाडी घेऊन मी सेंधव्याचा बिजासनी घाट चढलो, खलघाटला नर्मदा ओलांडली, आणि मानपूरच्या बाजूचा भेरूघाट, मागेपुढे मालाच्या ट्रक, भर दुपारच्या उन्हात पार केला. मागच्या आसनावर दोन म्हाताऱ्या जपमाळ ओढीत होत्या.

नळी फुटली असती तर काय झाले असते? पाणी दोन-चार मिनिटांत वाहून जाते. इंजिनात पाणीच नसले तर उष्णता दाखविणारा काटासुद्धा पुष्कळदा खरे सांगत नाही, कारण त्याचे टोक पाण्यात असावयाचे ते कोरड्या वाफेत राहते. चालवणारा बेसावध राहतो, इंजिनाचे डोके वाकते, गॅस्केट जळते. हे झाले पैशाचे नुकसान. घाटाच्या वळणावर गाडी अचानक थांबणे, मागून ट्रक येणे, घाबरून कोणी बोनेटखाली हात घालणे आणि उकळत्या वाफेने चेहरा भाजणे, हे दुसऱ्या जातीचे नुकसान. त्यांपैकी काही झाले नाही. मग माझ्या हातून अपराध तरी कोणता घडला?

सामान्य व्यवहार याचे उत्तर सरळ देतो: काहीही नाही. ज्याचे फळ नाही त्याचा दोष नाही. ज्याची नळी घाटात फुटली त्याला आपण निष्काळजी म्हणतो. ज्याची उज्जैनला पोहोचेपर्यंत टिकली त्याला दैववान म्हणतो, त्याच्याकडून प्रसादाची पुडी घेतो. दोघांनी केले ते एकच. रबराचा एक धागा अधिक तग धरून राहिला, एवढ्याने माझी नीती त्याच्या नीतीहून वरच्या पायरीवर कशी चढली, हे मला उलगडेना.

उज्जैनहून परतल्यावर या शंकेपोटी मी मनुस्मृतीचा आठवा अध्याय काढून पाहिला. त्या ग्रंथातील पुष्कळ गोष्टी आज आपणांस मान्य नाहीत, होऊही नयेत. पण वाहनाच्या अपघातांविषयी त्यात जो विचार आहे तो पाहून मी थक्क झालो. दहा प्रसंग असे सांगितले आहेत, की ज्यांत वाहनाने इजा झाली तरी दंड नाही. बैलाची वेसण तुटली, जू मोडले, आस किंवा चाक भंगले, चामड्याचे बंद वा दोर तुटले, सारथ्याने 'बाजूला व्हा' असे ओरडून सांगितले होते, इत्यादी. चामड्याचे बंद तुटले तर दंड नाही! माझ्या रबरी नळीस यापेक्षा जवळचे नाते कोणाचे? क्षणभर मला सुटल्यासारखे वाटले. परंतु पुढचेच श्लोक वाचावे. सारथ्याच्या अडाणीपणाने वाहन भरकटले आणि इजा झाली तर मालकास दोनशे पण दंड. सारथी जाणता असेल तर दंड त्याला. आणि अडाणी सारथ्याच्या हाती वाहन आहे हे असूनही जे त्यात बसले, त्यांना प्रत्येकी शंभर पण. म्हणजे स्मृतिकाराची दृष्टी तुटलेल्या वस्तूवर थांबत नाही. कोणास काय ठाऊक होते, कोणाचे काय काम होते, इकडे ती वळते. तुटलेल्या बंदाची सूट अचानक तुटलेल्या बंदासाठी आहे. दोन महिने आधी ज्याने त्या बंदाची शिवण उसवलेली पाहिली, त्याच्याविषयी तेथे काही म्हटलेले मला आढळले नाही. अशा सारथ्याने त्या सूटीचा आधार मागणे हे मला तरी चोरीसारखे वाटते.

ज्या दोषाची आपणांस वार्ता नाही तो दैवाचा. ज्या क्षणी माझी दृष्टी त्या फुगवट्यावर पडली, त्या क्षणी तो फुगवटा दैवाकडून माझ्याकडे आला. पुढे तो फुटो वा न फुटो, मालकी बदलली ती बदलली.

चरकाचार्यांनी अशा वागण्यास एक नेमका शब्द दिला आहे: प्रज्ञापराध. धी, धृती आणि स्मृती यांच्या भ्रंशाने माणूस जे अहिताचे कर्म करतो ते. माझी धी शाबूत होती, कारण मला धोका कळला होता. स्मृतीही शाबूत होती. सेंधव्यापाशी घाट चढताना ती नळी मला आठवली होती, हे मी कबूल करतो. कमी पडली ती धृती. कळलेले धरून ठेवण्याची, आणि कळल्याप्रमाणे हात हलविण्याची शक्ती. चरकाने हा अपराध रोगांच्या कारणांत गणला आहे, आणि रोग उद्भवेपर्यंत तो अपराध नव्हे असे कोठे म्हटलेले नाही.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. माझे वडील काटकसरी होते. सायकलच्या ट्यूबला चौदा ठिगळे असत. जे चालते ते टाकू नये, असे त्यांचे व्रतच होते. त्या पिढीने वस्तूंचा मान राखला म्हणून आपली घरे उभी राहिली. आज जो तो चालते यंत्र, चालता पंखा, चालते घड्याळ फेकतो, आणि ते सुद्धा 'सुरक्षितते'च्या नावाखाली. न बिघडलेले भाग बदलावयास लावून पैसे उकळणारे कारागीरही प्रत्येक गावात असतात. मग माझा नवा धर्म म्हणजे त्यांच्या दुकानाची जाहिरात तर नव्हे?

मी पुष्कळ विचार केला, आणि मला वडिलांचीच एक सवय आठवली. ट्यूबला ठिगळे लावणारा तो गृहस्थ ब्रेकचे रबर मात्र निम्मे झिजले की बदलीत असे. तेव्हा मला हे विसंगत वाटे. आता वाटत नाही. ट्यूब बसली तर ते स्वतः चालत घरी येणार होते. ब्रेक लागला नाही तर समोरचे पोर चिरडणार होते. काटकसर स्वतःच्या सोयीतून करावयाची असते, दुसऱ्याच्या जिवातून नव्हे, हे त्यांनी कधी बोलून दाखविले नाही. मी नळीच्या बाबतीत जी केली ती काटकसर नव्हतीच. नळी काही शे रुपयांची. तेवढे खिशात होते. तो निव्वळ आळस होता, आणि वडिलांच्या सद्गुणाचे वस्त्र पांघरून बसला होता.

त्या मिस्त्रीविषयी थोडे लिहिले पाहिजे, कारण धृती म्हणजे काय ते मी त्या सकाळी त्याच्या हातांत पाहिले. इंजिन पूर्ण थंड होईपर्यंत त्याने रेडिएटरच्या टोपणास हात लावला नाही; मी दोनदा घाई केली, त्याने दोनदा चहा मागविला. मग खालची तोटी सोडून पाणी एका डब्यात धरले. वाया जाणारे पाणी डब्यात कशाला, असे मी विचारले. त्यात थंडावा टिकविणारे रसायन मिसळलेले असते. "कुत्ता पी लेता है, साहब. मीठा लगता है उसको. फिर मरता है." हे रसायन, एथिलीन ग्लायकॉल, खरोखरच गोड आणि विषारी असते. गटार चार पावलांवर होते, आणि पाहणारे कोणी नव्हते.

जुनी नळी त्याने पिळून ओढली नाही. पितळी रेडिएटरची मान डाखाने जोडलेली असते, पिरगळली तर ती सुटते. म्हणून सुरीने नळी उभी चिरून केळीच्या सालीसारखी सोलून काढली. आतून ती पाहिली तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. बाहेरून एक फुगवटा. आत टोकापासून बोटभर लांबीच्या भेगा, एकीला लागून दुसरी. या नळ्या पुष्कळदा आतूनच, आणि धातूच्या मानेलगतच चिरत जातात; बाहेरची कांती शेवटपर्यंत शाबूत दिसते. मानेवर साचलेला क्षार त्याने बारीक पॉलिश कागदाने घासून काढला. नवी नळी चढविताना तेल लावले नाही, कारण तेल रबर खाते. नुसते पाणी लावले. पट्टी मानेच्या उंचवट्याच्या मागे बसविली, आणि घट्ट केली ती बेताने. फार आवळली तर पट्टीच रबर कापते.

एवढे झाल्यावर मी पैसे काढू लागलो, तर तो खालच्या नळीकडे वळला. ती तर चांगली दिसत होती. मी तसे म्हणालो. तो म्हणाला, "ये दोनों एक ही दिन की हैं." खालच्या नळीत तारेची स्प्रिंग असते, पंपाच्या ओढीने नळी आत चपटी होऊ नये म्हणून. ती नळी काढली तेव्हा आतली स्प्रिंग गंजून तिचे तुकडे झाले होते. इंजिनास वळसा घालणारी आखूड नळीही त्याने बदलली. नंतर पाणी व रसायन भरून, इंजिन चालू ठेवून, आत अडकलेली हवा बुडबुड्यांनी निघून जाईपर्यंत तो उभा राहिला. जाताना बजावले: शंभर-दीडशे किलोमीटर गेल्यावर, गाडी थंड असताना, सर्व पट्ट्या पुन्हा एकदा आवळा, रबर तापून बसते आणि पट्टी सैल होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे महाकालाचे दर्शन झाले. उन्हाळ्याचे दोन महिने पिंडीवर मातीचे अकरा घट टांगतात. त्यांना पवित्र नद्यांची नावे आहेत, आणि त्यांतून देवावर संतत थंड पाण्याची धार धरलेली असते. विष पचविलेल्या देवास दाह होऊ नये म्हणून ही योजना. आदल्या दिवशीचा माझा अनुभव ताजा असल्याने ती धार पाहताना मनात जे आले ते सांगावयास थोडी लाज वाटते. वाचकांनी ओळखले असेलच.

पण तेथेच माझ्या विचारास दुसरे वळण लागले. महाकालाचे देऊळ १२३४-३५ च्या सुमारास इल्तुतमिशाने पाडले. जवळजवळ पाच शतकांनी, १७३४ च्या सुमारास, ते पुन्हा उभारले राणोजी शिंदे यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखठणकर यांनी. हे नाव आपल्या वाचकांस परके नाही. १७३९ साली पेशव्यांनी मंगेशी गाव श्रीमंगेश देवस्थानास दिला, तो याच सरदारांच्या सूचनेवरून. त्यांचे आराध्य श्रीमंगेश स्वतः १५६० साली कुठ्ठाळीचे घर सोडून प्रियोळास आलेले. ज्याच्या देवाची भिंत, गाभारा, तळी, सर्व काही मागे राहिले आणि देव तेवढा पुढे आला, त्याला कोणती वस्तू बदलता येते आणि कोणती येत नाही याचा विवेक उपजतच असावा, असे मला वाटते. उज्जैनला त्यांनी दगड नवे घातले. पिंडी नवी घातली नाही.

आणि ती पिंडी झिजते आहे. लिंगाच्या झिजेचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. पुरातत्त्व व भूगर्भ खात्यांच्या तज्ज्ञांनी पाहणी केली. २०१७ साली न्यायालयासमोर ठरले की अभिषेकास शुद्ध केलेलेच पाणी, तेही प्रत्येक भक्ताने अर्धा लिटरच वापरावे. आणि १ सप्टेंबर २०२० च्या निर्णयाने भक्तांनी पिंडीस काही चोळण्यास मनाई झाली. पुष्कळांस हे रुचले नाही. देवास पाणी मोजून घालावयाचे काय, असा प्रश्न मीही तेव्हा केला होता. आता करणार नाही. पुरीच्या जगन्नाथाचा मार्ग निराळा: तेथे दारुमूर्तीच बदलतात, नवकलेवर होते, अलीकडचे २०१५ साली झाले, जुन्या मूर्तीतील ब्रह्मपदार्थ नव्या मूर्तीत जातो. पंढरीस विठोबाच्या पायांची झीज वज्रलेपाने थोपवावी लागते. २०२० मध्ये तो दिला गेला. पण स्वयंभू लिंगास नवकलेवर नाही. तेथे बदलण्याचा मार्गच बंद असल्याने झीज कमी करणे एवढाच धर्म उरतो. अर्धा लिटर पाणी हे भक्तीचे माप नव्हे. जे दुसरे मिळणार नाही त्याविषयीचे ते भान आहे.

देवळातून बाहेर पडताना आईने माझ्या दंडाचा आधार घेतला. पायऱ्या पुष्कळ. तिचा हात हलका लागला, पूर्वीपेक्षा फार हलका. मी नळीचे काही शे रुपये आणि अर्धा दिवस वाचविला होता, आणि त्याच्या मोबदल्यात पणाला लावले होते ते हे. बाजारात मिळणारी वस्तू मी जपली, आणि न मिळणारी वस्तू त्या वस्तूच्या भरवशावर घाटात सोडली. याहून अधिक स्पष्ट शब्दांत मला ते मांडता येत नाही.

संध्याकाळी रामघाटावर बसलो होतो. क्षिप्रेचे पात्र भरलेले दिसले. त्यात नर्मदेचे पाणी असते. २०१४ पासून ते नळांतून चढवून क्षिप्रेच्या उगमाशी सोडण्याची योजना आहे, आणि २०१६ च्या सिंहस्थात लोकांनी त्याच पाण्यात स्नान केले. मावशीने विचारले, "मगीर ही क्षिप्रा काय नर्मदा रे?" मला उत्तर सुचले नाही. आई म्हणाली, "न्हाता तांकां विचार." हा विषय स्वतंत्र लेखाचा आहे, येथे सोडतो.

परतीच्या वाटेवर खलघाटला, नर्मदेच्या अलीकडे, एका कडुनिंबाखाली मी गाडी उभी केली आणि इंजिन निवेपर्यंत तासभर थांबलो. उज्जैनपासून तेवढे अंतर झाले होते. स्क्रू-पेचकस घेऊन एकेक पट्टी आवळली. वरची पट्टी खरोखरच अर्धा फेरा सैल निघाली. कन्या तेवढ्यात नदीवर जाऊन आली. आईने खिडकीतून विचारले, "कितें जालें रे?" मी म्हटले, "कांय ना." ते खरे होते, आणि जे खरे सांगावयाचे होते, की येताना मी काय केले होते, ते मी त्या वेळी सांगितले नाही, नंतरही सांगितले नाही. ती हे मासिक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, चष्मा पुसून पुसून वाचते. आता वाचील.